खारेपाटाचा नकाशा

माझ्या हातून झालेल्या गाढवपणांची यादी करायची तर एक वही पुरणार नाही. त्यातले बहुतेक मी लग्नाच्या पंगतीत, शिक्षकांच्या खोलीत, एसटीच्या फाट्यावर रंगवून सांगितले आहेत. बैलाला औषध पाजताना अर्धं स्वतःच प्यायलो तो किस्सा, किंवा मुलगी पाहायला गेलो आणि शेजारच्या घरी बसून पोहे खाऊन आलो तो. एक मात्र मी नेहमी अर्धाच सांगतो. समुद्रात पँट वाहून गेली इथपर्यंत आलो की लोक पोट धरून हसतात, आणि मी चहाचा पेला ठेवून उठतो. त्याच्या पुढचं आज लिहायला बसलो आहे ते रागाच्या भरात, हे आधीच सांगून टाकतो. झालं असं की परवा नातीनं मोबाईलवर उपग्रहाचा नकाशा काढला आणि विचारलं, "आजोबा, तुम्ही पहिला समुद्र पाहिला तो कुठला?" बोटानं सरकवत सरकवत तिनं मुंबईच्या पलीकडची खाडी आणली. मला तिथलं एक गाव शोधायचं होतं. गाव सापडलं, चिमटीएवढं. पण त्याच्या तिन्ही अंगांना जिथे बांधांच्या रेघा असायला हव्या होत्या, तिथे जहाजावरच्या लाल-निळ्या लोखंडी पेट्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. मी म्हणालो, बंद कर ते. ती म्हणाली, "राग आला?" आला. चाळीस वर्षांनी आला असं तिला वाटलं असेल. खरं म्हणजे तो गेलाच नव्हता.

आमचं गाव समुद्रपूर तालुक्यात, गिरडहून दोन कोसांवर. तालुक्याच्या नावात समुद्र असला तरी तालुक्यात मोठं पाणी म्हणजे नाल्यातला डोह, आणि तोही होळीपर्यंत टिकला तर नशीब. घर शेतकऱ्याचं. जानेवारीत आमच्या घराला तीन वास असत: ओट्यावर रचलेल्या कापसाचा कोरडा, नाक चुरचुरवणारा वास, चुलीवर रटरटणाऱ्या तुरीच्या सोल्यांच्या आमटीचा, आणि ओल्या हरभऱ्याच्या आंबट पाल्याचा. माय पहाटे भाकरी थापायला बसे, तो थपथप आवाज हाच आमचा गजर. मांस-मासळी घरात शिजत नव्हती. अंड्याचं नाव काढलं तरी माय ओसरीवर जाऊन बसे. बाबा बोलायला कंजूस, पण मातीच्या बाबतीत त्यांचा शब्द गावात शेवटचा. कुणी वावर विकत घ्यायचं म्हटलं की बाबांना घेऊन जात. बाबा वाकून चिमूटभर माती उचलत, बोटांत चोळत, जिभेवर ठेवत आणि थुंकत. "चोपण हाय. मेली हे," असं म्हणाले की सौदा मोडला. माती खारट लागली म्हणजे जमीन मेली, हे मी शाळेत जाण्याआधी शिकलो होतो. आणि दुसरं शिकलो होतो ते असं, की जानेवारीत ज्या वावरात काहीच उभं नाही, ना तूर, ना गहू, ना हरभरा, ते वावर एकतर आळशाचं, नाही तर पडीक. हे दोन्ही धडे आमच्या काळ्या मातीत शंभर नंबरी खरे आहेत. मी ते खिशात घालून मुंबईच्या किनाऱ्यावर गेलो, हा माझा गुन्हा.

वर्ध्याला भूगोलात एम.ए. करत होतो. दुसऱ्या वर्षी गावाचं सर्वेक्षण करून अहवाल द्यावा लागे. दरवर्षी पोरं जवळचंच एखादं खेडं उरकून घेत. आमच्या वर्षी सरांनी ठरवलं की किनारपट्टीला जायचं. सर म्हणजे विभागप्रमुख. पांढरा शर्ट, बारीक आवाज, कुणावर कधी ओरडले नाहीत. मुंबईत त्यांच्या बऱ्याच ओळखी होत्या, आणि खाडीकाठचं ते गाव त्यांना त्यातल्याच कुणीतरी सुचवलं होतं. कुणी आणि कशासाठी, हे विचारायची अक्कल आम्हा बारा जणांपैकी एकालाही नव्हती. आम्हाला समुद्र पाहायचा होता. फुकट.

आता पँटीचं. भरती-ओहोटीवर मी परीक्षेत असं उत्तर लिहिलं होतं की सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. चंद्र, सूर्य, बाण, सगळं आकृतीसकट. पहिल्या सकाळी मी एकटाच किनाऱ्यावर गेलो. पाणी लांब गेलेलं, मधे चिखल आणि खडक. एका छान सपाट खडकावर पँट, शर्ट, चपला, चष्मा अशी मांडणी करून मी पाण्यात शिरलो. आमच्या डोहातलं पाणी काठ सोडून कुठे जात-येत नाही, त्यामुळे हात-पाय मारून परत वळलो तेव्हा खडक कुठे गेला हे मला पाच मिनिटं कळेना. आकृती आठवली, बाणही आठवले. पँट नाही आठवली. शेवटी एका लांबलचक मातीच्या बांधावरून, फक्त चड्डीवर, धूसर डोळ्यांनी गावाकडे निघालो. बांधावर दहा-पंधरा माणसं खाडीतल्या चिखलाची ढेकळं डोक्यावरून वाहून टाकत होती. त्यांचं काम थांबलं. मग जो हशा उठला तो मला आजही ऐकू येतो. त्यातला एक माणूस, काळाभोर, डोक्याला रुमाल, गुडघ्यापर्यंत चिखल, पुढे आला आणि म्हणाला, "काय रं बाला, दर्यानं नागवा केला काय तुना?" आणि त्यानं स्वतःच्या गाठोड्यातली लुंगी काढून मला दिली. हा हिराजी पाटील. त्याच्याच घरी मग चार दिवस माझा मुक्काम झाला; चष्मा पुढच्या ओहोटीला चिखलात सापडला, पँट नाही.

त्या मुलखाला खारेपाट म्हणतात; त्याबद्दल पुस्तकात एक ओळ होती: किनाऱ्यालगतची सखल, खारी जमीन. बस. ती ओळ लिहिणाऱ्याला एकदा तिथे उभं करावं असं वाटतं. खाडी तिथे हाताच्या पंजासारखी आत घुसलेली, बोटाबोटांच्या मधे जमीन, आणि ती जमीन भरतीच्या पाण्यापेक्षा खाली. म्हणजे दिवसातून दोनदा समुद्र त्या लोकांच्या डोक्यापेक्षा उंच उभा असतो, आणि मधे असतो फक्त मातीचा एक बांध. बांधाला लाकडी दारं, त्यांना ते उघाडी म्हणत. ओहोटीला आतलं पाणी बाहेर जातं, भरतीला दार आपोआप मिटतं. गाव उंचवट्यावर, घराला घर चिकटून, कारण उंच जागा तेवढीच. प्यायचं पाणी बायका लांबून आणत. पलीकडे मिठागरं पांढरी चमकत. आणि संध्याकाळी दिवे लागले की पाण्यापलीकडे मुंबई उगवायची, इतकी जवळ की हात लांब केला तर खिडकी उघडता येईल. त्या शहराला या गावातून मीठ जाई, मासळी जाई, रेती जाई, गोदीत कामाला माणसं जात. शहराकडून काय येतं असं मी हिराजीच्या बायकोला विचारलं तर ती म्हणाली, "वास!" माणसं कडाकडा भांडत, आणि भांडता भांडता एकमेकांच्या पानात मासा वाढत. तिथे वेळ घड्याळावर नव्हती. हिराजी म्हणे, अष्टमीला भांग, म्हणजे लहान भरती, आणि पुनवेला उधाण. लग्नाचा मुहूर्तसुद्धा पाणी बघून. मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. छान अक्षरात. आणि मासा खाल्ला, मायला सांगायची हिंमत नव्हती म्हणून वहीत ते लिहिलं नाही. जिताड्याचं कालवण आणि लालसर, जाड भात. तीन वेळा मागून घेतला.

माझ्याकडे जमीन-वापराचा नकाशा होता. माझा हात चांगला म्हणून सरांनी मलाच दिला. विभागाची रीत ठरलेली: लागवडीला पिवळा, झाडीला हिरवा, पडीकाला फिकट तपकिरी. छापील तक्त्यात रकाना होता, 'सध्या उभे पीक'. मी हिंडलो. बांधाच्या आत मैलभर जमीन भेगाळलेली, कुठे कुठे पांढरे पोपडे आलेले, एक हिरवं पान नाही. जानेवारी महिना. मी वाकलो, बाबांसारखी चिमूटभर माती उचलली, चोळली, जिभेवर ठेवली आणि थुंकलो. खारट. मेली. आसपास कुणाला विचारावं असं माझ्या मनातही आलं नाही; मी सात पिढ्यांच्या शेतकऱ्याचा पोरगा, मला माती काय कुणी शिकवणार? 'उभे पीक: नाही.' बांधावर चिखल वाहणाऱ्या माणसांबद्दल 'रोजगार' या रकान्यात लिहिलं: 'मातीकाम'. चौथ्या दिवशी हिराजीच्या ओसरीवर बसून, त्याचाच लाल भात पोटात घेऊन, त्याची सगळी जमीन मी फिकट तपकिरी रंगवली. इतका एकसारखा हात फिरवला की कुठे डाग नाही. खाली कोपऱ्यात नक्षीदार अक्षरात माझं पूर्ण नाव, मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. कुणी सांगितलं नव्हतं. हौस.

सरांना नकाशा आवडला. तो काचेत घालून विभागात लागला, अहवालाची बांधणी झाली, आणि सरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की कारंज्याकडे एक नवं कॉलेज निघतंय, निकाल लागू दे. आमच्या घरात नोकरी हा शब्द तोपर्यंत दुसऱ्यांच्या पोरांबद्दल बोलताना वापरत. मायनं त्या दिवशी पुरण घातलं.

मे महिन्यात, भर दुपारी, गाव सावलीला पडलेलं असताना एसटीतून एक माणूस उतरला आणि त्याच्यामागून एक वास उतरला. पारावरची कुत्री उठून चालू लागली. शेजारचा गजानन धावत आला, "दिवाकऱ्या, तुह्याकडे कोनी पाहुना येऊन राह्यला गा! त्याच्या थैलीत का मेलं हे मालूम नाई!" हिराजी होता. दोन दिवसांचा प्रवास करून, नकाशाच्या कोपऱ्यातला पत्ता विचारत विचारत आलेला. थैलीत माझ्या घरासाठी सुके बोंबील. मायच्या हातात त्यानं ती थैली आदरानं दोन्ही हातांनी दिली, आणि मायनं ती तशीच आदरानं दोन्ही हातांनी घेतली, चेहऱ्यावरची रेषा न हलवता गोठ्याच्या आढ्याला नेऊन टांगली, आणि विहिरीवर जाऊन तीनदा हात धुतले. आल्यावर त्याला म्हणाली, "लई दूरून आले जी. आधी पानी घ्या, मंग जेवाले बसा." ती बाई मला आज आठवते तेव्हा वाटतं, सगळ्या प्रकरणात रीत फक्त तिनं पाळली.

जेवण झाल्यावर हिराजीनं खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली आणि पिशवीतून माझा नकाशा. झेरॉक्स. रंग गेलेला, पण तपकिरीच्या जागी काळपट छटा, आणि कोपऱ्यात माझी नक्षी ठळक. त्यानं सांगितलं ते असं: कुठलीशी कंपनी गावची जमीन मागत होती. सरकारनं सुनावणी ठेवली होती, आठ दिवसांवर. जमीन भाताची ठरली तर घेता येणार नव्हती; पडीक ठरली तर गेली. कंपनीच्या माणसानं साहेबापुढे हा नकाशा ठेवला. साहेब म्हणाला, कॉलेजनं काढलेला शास्त्रीय नकाशा आहे, त्यांचा यात काही संबंध नाही, मग खोटा कशाला असेल?

"मी बोललू साहेबाला," हिराजी म्हणाला, "पोरगा आमचेच घरी ऱ्हायलता, त्याला इचारतो. तो लिवून देईल. तू लिवून दे बाला, भात हाय म्हनून. तुजी सही लागतंय."

बाबा आतापर्यंत सुपारी कातरत होते. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. "भात होते तुमच्या वावरात?"

"पावसाचं पानी खार धुतं ना. मंग राता लावतंव आमी. लाल भात. दिवालीला कापनी. त्याच्यामागून कायच नाय, बांधाचं काम. बांध फुटला, एक भरती आत आली की तीन वर्सं जमीन गेली. म्हनून घरटी एक मानूस बांधावर."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "तू चार दिवस होता ना तठी?"

"हाव."

"लोकं धुरा घालून राह्यलते, थे पाह्यलं तू?" धुरा म्हणजे आमच्याकडे वावराचा बांध.

"पाह्यलं."

"पडीक वावराले कोनी धुरा घालते का बे?" बाबांचा आवाज चढला, तो चढलेला मी त्याआधी एकदाच ऐकला होता, बैल चोरीला गेला तेव्हा. "दहा मानसं डोक्यावर चिखल वाहून राह्यले, अन् तुले वाटलं का थे मेल्या मातीसाठी वाहून राह्यले? तू वावर पाह्यलं का कागद पाह्यला? अन् जेवाले का खाल्लं तठी?"

"भात."

"कोनत्या वावरातला?"

हिराजीच मधे पडला. "जाऊ दे दादा. पोर हाय. आमच्याकरचे शिकलेले लोक पन फसतात." त्यानं मला वाचवलं याचा मला तेव्हा राग आला. इतका उलटा माणूस मी.

त्याच घटकेला, त्याच ओसरीवर, वहीतलं एक पान फाडून मी चार ओळी लिहिल्या असत्या तर हे प्रकरण लिहावं लागलं नसतं. काय लागत होतं? एक पान. पण मी म्हणालो, "सरांना विचारावं लागेल. कागद कॉलेजचा आहे." बाबांना ते पटलं, त्यांना कागदाचा धाक होता. सर नागपूरला गेलेले, परवा येणार होते. मधला एक दिवस हिराजीच्या नजरेसमोर बसणं मला झेपेना म्हणून त्याला गिरडच्या टेकडीवर घेऊन गेलो, जसा काही तो सहलीला आला होता. दर्ग्याच्या पायऱ्या तो सपासप चढला, मी धापा टाकत मागे. वर त्यानं चादर चढवणाऱ्यांच्या रांगेत उभं राहून हात जोडले. मी त्याला टेकडीवरचे गोल दगड दाखवले आणि गोष्ट सांगितली: एका व्यापाऱ्यानं दर्ग्यातल्या फकिराची थट्टा केली, त्याच्या गोण्यांतल्या मालाचे हे दगड झाले. हिराजीनं एक दगड उचलून नारळासारखा कानाशी हलवून पाहिला.

"आमच्याकरं उलटं झालंय," तो म्हणाला. "थट्टा येपाऱ्यानं केली, नी दगुड आमचे शेताचं होनार." मग माझ्याकडे वळून, अगदी साध्या सुरात, "तुजा सर कसा हाय? चांगला हाय ना?"

"चांगले आहेत," मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी मी एकटा वर्ध्याला गेलो. सरांनी चहा दिला. सगळं शांतपणे ऐकून घेतलं. एकदाही नाही म्हणाले नाहीत, आणि मला आज त्यांची जी चीड येते ती त्याचीच. ओरडले असते, हाकललं असतं, तर मी कदाचित चवताळलो असतो. ते म्हणाले, "दिवाकर, आपण पक्षकार नाही. जे दिसलं ते नोंदलं. त्या दिवशी तिथे पीक होतं का?" मी म्हणालो, नव्हतं. "मग नकाशा चूक कसा?" मी म्हणालो, पण सर, ते भात लावतात. "आपल्या तक्त्यात 'सध्या' असा शब्द आहे." चष्मा पुसत म्हणाले, "त्याला रिकाम्या हातानं पाठवू नकोस, बरं दिसत नाही. काहीतरी देऊ." आणि त्यांनी मला इंग्रजीत दोन ओळी सांगितल्या, विभागाच्या कागदावर. अर्थ असा: सदर नकाशा सर्वेक्षणाच्या तारखेस प्रत्यक्ष आढळलेल्या स्थितीनुसार तयार केला असून तो त्या स्थितीशी जुळतो. मी लिहून घेतलं, सही केली. दारापर्यंत पोचवायला आले तेव्हा म्हणाले, "कारंज्याचं मी बोललोय हं." बाकी काही नाही. तो माणूस पुढे फार मानानं निवृत्त झाला. सत्काराला हार मी घेऊन गेलो होतो. गुलाबाचा.

गावी आलो तेव्हा हिराजी ओसरीवर तयार बसलेला. संध्याकाळची एसटी धरायची होती. मायनं त्याच्यासाठी भाकरी, ठेचा आणि कोरड्या पिठल्याचं गाठोडं बांधलं होतं. मी कागद दिला. त्यानं तो उलटासुलटा केला. बाबाही वाकून पाहू लागले. दोघांनाही इंग्रजी येत नव्हतं, आणि मला हे ठाऊक होतं. कागद सरांच्या घरून आणताना सबंध वाटभर मी याच गोष्टीच्या आधारावर बसलो होतो.

"यात भात हाय काय बाला?" हिराजीनं विचारलं.

"हाय," मी म्हणालो.

"कुटं? मना दाखव. साहेब इचारला तर मना बोट ठेवता आलं पायजे."

आणि मी बोट ठेवलं. पहिल्या ओळीत, शेवटून तिसऱ्या शब्दावर. हिराजीनं माझं बोट बाजूला करून तिथे स्वतःचं बोट ठेवलं, जाड, नखात चिखल बसलेलं, आणि जागा लक्षात राहावी म्हणून ओठ हलवत डावीकडून शब्द मोजले. दोनदा मोजले. बाबा म्हणाले, "झालं ना मंग. चांगलं झालं. आमच्या पोरानं चूक केली, आमच्या पोरानंच सुधारली." बाबांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. हिराजीनं कागद प्लास्टिकमधे घातला, प्लास्टिक बंडीच्या आतल्या खिशात घातलं. फाट्यापर्यंत बाबा त्याच्यासोबत चालत गेले. "कापनी झाली का येजो पाटील," ते म्हणाले, "आमची तूर घेऊन जाजो, तुमचा भात आनजो." मी मागे राहिलो. डोकं दुखतंय असं सांगितलं.

सुनावणी झाली, निकाल लागला. आमचाही लागला, मी विद्यापीठात दुसरा आलो आणि कारंज्याहून नेमणुकीचा कागद आला. ज्या आठवड्यात तो आला त्याच आठवड्यात अंतर्देशीय पत्र आलं. अक्षर हिराजीच्या मुलीचं, ती तेव्हा सातवीत होती. ओळी सरळ, शब्द जपून लिहिलेले. आम्ही जेवायला बसलो होतो. बाबा म्हणाले, "पाटलाचं हाय का? वाच. मोठ्यानं वाच, तुही मायबी आयकन."

मी वाचलं. चिरंजीव दिवाकर यास अनेक आशीर्वाद. साहेबांनी तुझा कागद घेतला. मी म्हटलं यात भात आहे, बघा. साहेब म्हणाले कुठे. मी तू दाखवलेल्या जागेवर बोट ठेवलं. साहेब म्हणाले, हा शब्द तारीख असा आहे. मी म्हटलं पुन्हा बघा. त्यांनी सगळा कागद मराठीत वाचून दाखवला. भात नव्हता. साहेब म्हणाले, नकाशा काढणारा स्वतःच सांगतो की नकाशा बरोबर आहे, आता काय राहिलं. जमीन गेली. गावात लोक बोलतात की तू पैसे घेतलेस. मी त्यांना म्हटलं की मी त्याच्या घरी जेवलो आहे, ते तसे लोक नाहीत. घाईत तुझं बोट चुकलं असेल. तुझ्या आईला सांग, भाकरी कल्याणपर्यंत पुरली. बाबांना नमस्कार.

मायच्या हातात वरणाचा डाव होता, तो तसाच राहिला. बाबा ताटाकडे पाहत होते. त्यांनी मान वर केली.

"बोट चुकलंतं?"

अंगणात गजानन बैल धुत होता, पाण्याचा आवाज येत होता. हो म्हणालो असतो तर बाबांनी मानलं असतं. त्यांना मानायचंच होतं, मी पाहत होतो ना.

"नाई," मी म्हणालो.

बाबा उठले. आमच्या घरात भरल्या ताटावरून उठलेला माणूस मी त्याआधी पाहिला नव्हता. त्यांनी हात धुतले, टोपी घातली आणि वावरात निघून गेले. जूनच्या पहिल्या आठवड्यात, पेरणीआधी, वावरात एक काडी उभी नसताना.